नभोवाणीवरील मुलाखत : पुस्तके, कला आणि राजकारण
प्रस्तावना

नभोवाणीवरील मुलाखत म्हणजे दोघांनी तिसऱ्यासाठी केलेले बोलणे. विचारणारा आणि सांगणारा स्टुडिओत समोरासमोर बसलेले असतात. ज्याच्यासाठी हे सारे चालते तो श्रोता मात्र दूर, आपल्या घरात, दुकानात किंवा शेतात असतो आणि त्याच्यापर्यंत फक्त आवाज पोचतो. भाषण, रूपक, श्रुतिका हे आकाशवाणीचे इतर बोलके प्रकार लिखित संहितेवर उभे असतात. मुलाखतीत लिहिलेला असतो तो प्रश्नांचा आराखडा. उत्तर त्या क्षणी घडते. विचार करताना माणूस कुठे थांबतो, कोणत्या शब्दावर अडतो, कशाने खुलतो हे ध्वनिमुद्रणात उमटते. छापील पानावर यातले फारच थोडे उरते. म्हणून एखाद्या काळातील लेखक, कलावंत आणि सार्वजनिक कार्यकर्ते यांना समजून घेण्याचे साधन म्हणून अशा मुलाखतींचे मोल मोठे आहे.

हा विषय एरवी मुंबई-पुण्याच्या केंद्रांकडून पाहिला जातो. येथे तो परभणी जिल्ह्यातील सेलूकडून पाहिला आहे, आणि त्याला कारण आहे. मनमाड–काचीगुडा लोहमार्गावरचे सेलू हे कापसाच्या बाजारपेठेचे तालुक्याचे गाव. नूतन विद्यालयासारख्या संस्थांमुळे तेथे शिक्षणाची परंपरा रुजली आणि वाचणारा वर्ग तयार झाला. प्रकाशन संस्था, कलादालने, मोठी नाट्यगृहे, दैनिकांची मुख्यालये मात्र दूरच्या शहरांत राहिली. वाचक एका गावी आणि लेखक दुसऱ्या गावी अशी ही स्थिती मराठवाड्यातील बहुतेक तालुक्यांची होती. पुस्तक टपालाने मागवता येत असे; पुस्तक लिहिणाऱ्याला बोलताना ऐकण्याची सोय प्रथम रेडिओने केली. सार्वजनिक नभोवाणीची खरी कसोटी अशाच गावी लागते. शहरातल्या श्रोत्याला व्याख्यानमाला, प्रदर्शने, प्रकाशन समारंभ असे इतर मार्ग असतात. सेलूच्या श्रोत्याला पुष्कळदा तो एकच मार्ग होता.

निजामी राजवट आणि रेडिओ

भारतात नियमित प्रसारणाची सुरुवात २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या केंद्राने झाली. ही खासगी कंपनी लवकरच बुडाली, सरकारने प्रसारण आपल्याकडे घेतले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. सेलू तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हते. ते हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानाचा रेडिओ वेगळा होता. १९३० च्या दशकात हैदराबादला सुरू झालेला ‘डेक्कन रेडिओ’ निजाम सरकारच्या हाती होता. संस्थानाची राजभाषा उर्दू असल्यामुळे मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या प्रजेला त्यात दुय्यम स्थान होते.

त्या काळात खुलेपणाने बोलणेच अवघड होते. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. अशा परिस्थितीत लोक भाषा, शिक्षण आणि ग्रंथालये यांच्या आधाराने एकत्र येत. संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले; परतूर सेलूच्या शेजारचेच. साहित्य आणि राजकारण यांची मराठवाड्यात जी जवळीक दिसते तिचे मूळ या काळात आहे. वाचनालय चालवणारा माणूसच पुढे सत्याग्रही होई, आणि सत्याग्रहींमधून संपादक, शिक्षक व लेखक घडत. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही नावे या परंपरेची साक्ष देतात.

भारतीय सैन्य संस्थानात शिरल्यावर १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी आपल्या सरकारचा राजीनामा रेडिओवरून जाहीर केला आणि त्याच दिवशी निजामाने युद्धबंदीची घोषणाही रेडिओवरूनच केली. राज्य बदलल्याची वार्ता लोकांना एका आवाजातून कळली. तो आवाज फक्त सांगत होता. त्याला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबादचे केंद्र ऑल इंडिया रेडिओत आले. सत्तेने बोलायचे आणि प्रजेने ऐकायचे ही सवय मात्र केंद्राची पाटी बदलल्याने सुटत नाही. राजकीय मुलाखतीचा पुढचा इतिहास समजून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

मराठी केंद्रे आणि त्यातील लेखक

स्वातंत्र्यानंतर मराठी प्रसारणाचा विस्तार झाला. नागपूर केंद्र १९४८ मध्ये आणि पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५० च्या दशकात आकाशवाणीने लेखक, कवी आणि संगीतकारांना कार्यक्रम निर्मितीसाठी आपल्याकडे घेतले, आणि मराठीला याचा विशेष लाभ झाला. पु. ल. देशपांडे या दशकात आकाशवाणीत होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात सुमारे तीन दशके होते; ‘बनगरवाडी’चा लेखक शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम करत होता. मंगेश पाडगांवकर आणि यशवंत देव यांनीही आकाशवाणीत काम केले. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्राने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित केले. त्यामागे केंद्रातील सीताकांत लाड यांचा पुढाकार होता.

या माणसांमुळे मराठी मुलाखतीला एक वळण मिळाले. प्रश्न विचारणारा स्वतः लिहिणारा किंवा गाणारा असल्यामुळे त्याला समोरच्याच्या कामातील अडचणी ठाऊक असत. कथा कशावरून सुचली एवढे विचारून तो थांबत नसे. कथेचा शेवट का बदलला, निवेदक म्हणून मुलगाच का निवडला, असे तो विचारू शके. असा प्रश्न आला की लेखकही सावरून बसतो आणि मनापासून बोलतो.

याच काळात पुणे केंद्रावर आणखी एक प्रयोग झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. गावकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. ‘शेतकी नभोवाणी मंडळ’ या स्वरूपाचा हा प्रयोग पुढे देशातील इतर केंद्रांसाठी नमुना ठरला. मुलाखतीच्या इतिहासात त्याला महत्त्व द्यायला हवे, कारण प्रश्न विचारण्याचा अधिकार श्रोत्याचा आहे हे त्याने प्रत्यक्ष दाखवले. स्टुडिओतला मुलाखतकार हा त्या श्रोत्याचा प्रतिनिधी असतो.

परभणी केंद्र

आकाशवाणीचे परभणी केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ ही त्याची ओळख मराठवाड्यातील जुन्या श्रोत्यांना पाठ आहे. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) आजचे केंद्र १९७६ मध्ये आले. त्याआधीची काही वर्षे मराठवाड्याचा सगळा भार परभणीवर होता. सेलू या केंद्राच्या जवळच्या टापूत येते. ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन घरोघर पोचण्याचाही हाच काळ. रेडिओसाठी टपाल कार्यालयात परवाना काढावा लागत असला, तरी एका संचाभोवती आख्खे घर आणि शेजार बसत असे.

दिवसाचे प्रसारण सकाळ, दुपार आणि सायंकाळ अशा तीन सभांमध्ये विभागलेले असते. बातम्या, शेतकऱ्यांचे कार्यक्रम, महिलांचे आणि युवकांचे कार्यक्रम, भक्तिसंगीत, लोकसंगीत, ‘आपली आवड’ अशा चौकटीत मुलाखतीला दहा, पंधरा किंवा तीस मिनिटांची जागा मिळते. १९७२ मध्ये परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि केंद्राला शेतीतज्ज्ञांचा मोठा स्रोत मिळाला. साहित्याच्या बाजूने परभणीचा परिसर आधीच समृद्ध होता. १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरले. गावोगावचे शिक्षक-कवी, कथाकार, कीर्तनकार, शाहीर, गोंधळी, वासुदेव यांना आपल्याच जिल्ह्यात एक ध्वनिक्षेपक मिळाला ही केंद्राची मोठी देणगी आहे. मुंबईचे केंद्र ज्याला बोलावण्याची शक्यता कमी, त्याला जिल्ह्याचे केंद्र बोलावू शकते.

केंद्र उशिरा आल्याने काय हरवले हेही येथे नोंदवले पाहिजे. मराठवाड्याचे मोठे कवी आणि कादंबरीकार बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, १९१३ मध्ये सातोना येथे जन्मले. हे गाव लोहमार्गावर सेलूच्या लगतचे. निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत त्यांनी ‘ओ’, ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘जगाला कळले पाहिजे’, ‘आडगावचे चौधरी’ या कादंबऱ्या आणि कविता-कथा लिहिल्या आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी परभणीतच त्यांचे निधन झाले. परभणी केंद्र सुरू व्हायला तेव्हा १५ वर्षे अवकाश होता. ज्या नगरात त्यांनी आयुष्य काढले तेथील केंद्राला त्यांना बोलते करण्याची संधी मिळाली नाही. संस्थानी राजवटीत मराठीत लिहिणे कसे होते, हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळते तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला केवढा आधार झाला असता!

मुलाखत कशी घडते

चांगली मुलाखत स्टुडिओत पोचण्याआधीच निम्मी झालेली असते. मुलाखतकाराने पुस्तक पूर्ण वाचलेले असावे, चित्रे पाहिलेली असावीत, गाणे ऐकलेले असावे. त्याला दुसरा पर्याय नाही. मलपृष्ठ वाचून विचारलेला प्रश्न श्रोत्याला लगेच ओळखू येतो. ‘आपल्याला लेखनाची प्रेरणा कशी मिळाली?’ या प्रश्नाला कोणताही लेखक पूर्वी दहादा दिलेले उत्तर अकराव्यांदा देतो. ‘या कादंबरीतला तलाठी दुष्काळाच्या वर्षी गाव सोडत नाही, तुम्ही त्याला का थांबवलेत?’ असे विचारले तर उत्तर त्याच वेळी शोधावे लागते. मुलाखतीचा जीव अशा शोधात असतो.

प्रश्न लहान हवा आणि त्यात उत्तर दडलेले नसावे. ‘हो’ किंवा ‘नाही’वर संपणारा प्रश्न नभोवाणीवर निरुपयोगी ठरतो. समोरचा बोलत असताना मध्ये ‘हं’, ‘वा’, ‘बरोबर’ असे म्हणण्याची सवय घरी चालते. ध्वनिमुद्रणात ती कानाला खटकते, म्हणून मुरलेला मुलाखतकार मान हलवून दाद देतो. पाहुण्याचे नाव आणि ओळख अधूनमधून पुन्हा सांगावी लागते, कारण श्रोता कधीही रेडिओ लावतो. चित्र, शिल्प किंवा नाट्यप्रसंग दिसत नसल्याने त्याचे शब्दांत वर्णन काढून घ्यावे लागते. पाहुणा गप्प झाला तर क्षणभर थांबण्याचे धैर्यही हवे. त्या शांततेनंतर येणारे वाक्य अनेकदा सर्वांत मोलाचे असते.

मराठवाड्यातील केंद्रांपुढे बोलीचा प्रश्न येतो. माइकसमोर बसलेला शेतकरी, शाहीर किंवा गायिका पुस्तकी मराठी बोलू लागली की आवाज परका होतो. मुलाखतकाराने स्वतः सहज बोलून पाहुण्याला त्याच्या बोलीत आणले तर परभणीकडची भाषा तिच्या खऱ्या लयीत नोंदली जाते. भाषेच्या अभ्यासकांना या नोंदी आज उपयोगी आहेत आणि पुढे अधिकच उपयोगी पडतील.

फितीच्या काळात संपादन हाताने होई. नको असलेला भाग पात्याने कापून फितीची टोके चिकटपट्टीने जोडत. प्रत्येक काप दिसत असल्याने तो विचारपूर्वक घेतला जाई. संगणकावर आता हे काम चुटकीसरशी होते आणि म्हणूनच संपादकावरची जबाबदारी वाढली आहे. सांगणाऱ्याच्या बोलण्याचा अर्थ बदलणारा काप घेऊ नये हा नियम दोन्ही काळांना सारखाच लागू आहे.

राजकारणाची मर्यादा

पुस्तके आणि कला या क्षेत्रांत आकाशवाणीच्या मुलाखतीने जी उंची गाठली ती राजकारणात गाठता आली नाही. याचे कारण मुलाखतकारांच्या कुवतीत शोधू नये. ते माध्यमाच्या मालकीत आहे. आकाशवाणी दीर्घकाळ केंद्र सरकारचे खाते होते. १९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली आणि केरळ व पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांच्या भाषणांतील मजकुरावरून वाद झाले. त्याच सुमारास प्रसारणाची आचारसंहिता ठरली. एखाद्या पक्षावर नाव घेऊन हल्ला करणे, केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावाने टीका करणे, न्यायसंस्थेवर आक्षेप घेणे या गोष्टी तिने वर्ज्य ठरवल्या. यांतील काही बंधने समाजाच्या हिताची आहेत. तरीही मंत्र्याला धोरणाचा जाब विचारणारा प्रश्न आणि ‘वैरभावाची टीका’ यांच्यातील सीमारेषा कोणी आखायची हे अनिश्चित राहिले, आणि खबरदारी म्हणून प्रश्न मवाळ होत गेले.

२६ जून १९७५ रोजी इंदिरा गांधींनी आणीबाणीची वार्ता आकाशवाणीवरून दिली. पुढचे २१ महिने या माध्यमात विरोधी आवाजाला स्थान नव्हते. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत राजकीय पक्षांना प्रथमच आकाशवाणीवर प्रचाराची वेळ मिळाली. बी. जी. व्हर्गीस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ मध्ये स्वायत्त संस्थेची शिफारस केली. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये झाला. तो अमलात यायला १९९७ साल उजाडले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर खासगी एफएम केंद्रे आली, पण त्यांना स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा देण्याची मोकळीक मिळाली नाही. म्हणजे रेडिओवर राजकीय मुलाखत घेण्याची ताकद आजही प्रामुख्याने सार्वजनिक प्रसारकाकडेच आहे. ज्याच्याकडे ती ताकद आहे त्याने ती वापरली पाहिजे. पाणी, पीकविमा, शाळा, रोजगार, स्थलांतर यांविषयी परभणी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधीला शांतपणे आणि अभ्यासपूर्वक विचारलेले प्रश्न कोणत्याही आचारसंहितेचा भंग करत नाहीत.

जगातील नमुने आणि जतन

इतर देशांतील नभोवाणीने मुलाखतीला किती वाढवले हे पाहण्यासारखे आहे. बीबीसीवर १९४२ मध्ये रॉय प्लमली यांनी सुरू केलेला ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ हा कार्यक्रम पाहुण्याच्या आवडीच्या ध्वनिमुद्रिकांच्या निमित्ताने त्याचे आयुष्य उलगडतो आणि तो अजून चालू आहे. शिकागोत स्टड्स टर्केल यांनी १९५२ पासून १९९७ पर्यंत लेखक, गायक, कामगार आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते यांच्याशी संवाद साधला. फिलाडेल्फियातील टेरी ग्रोस १९७५ पासून ‘फ्रेश एअर’ करत आल्या. या तिघांत समान धागा दिसतो तो सातत्याचा. एकाच माणसाने वर्षानुवर्षे वाचत, ऐकत, विचारत राहिल्याने श्रोत्यांचा विश्वास जमतो आणि मुलाखतींचा संग्रह त्या समाजाचा इतिहास बनतो. आपल्याकडे बदल्या, तुटपुंजे मानधन आणि नैमित्तिक नेमणुका यांमुळे असे सातत्य क्वचित राहिले.

दुसरा फरक जतनाचा आहे. टर्केल यांच्या पाच हजारांहून अधिक मुद्रणांचा संग्रह शिकागोच्या इतिहास संग्रहालयाने सांभाळला आणि आता तो कोणालाही ऐकता येतो. आकाशवाणीनेही मोठ्या नेत्यांची भाषणे आणि दिग्गजांचे संगीत दिल्लीच्या अभिलेखागारात राखले आहे. जिल्हा पातळीवरील मुद्रणांच्या वाट्याला तेवढी काळजी आली नाही. फिती महाग होत्या, म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा घेण्याची पद्धत होती. जी रिळे उरली त्यांना उष्णता आणि बुरशी यांचा धोका असतो. फीत खराब झाली की तो आवाज परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

म्हणून या विषयाची ओळख करून देताना एक आग्रहाची विनंती करणे उचित आहे. मराठवाड्यातील केंद्रांकडे असलेल्या मुलाखतींची यादी व्हावी, त्यांचे डिजिटल रूपांतर व्हावे आणि निवडक मुलाखती लिखित स्वरूपात प्रसिद्ध व्हाव्यात. या कामात विद्यापीठांचे मराठी विभाग, साहित्य संस्था आणि महाविद्यालये केंद्रांना साहाय्य करू शकतात. सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, गंगाखेड येथील ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटवर रेडिओची मुद्रणे असतील त्यांनी त्यावर दिनांक आणि नावे लिहून ती जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत. आणि आज बोलू शकणारे वृद्ध लेखक, शाहीर, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील घराण्यांचे वारस यांना नीट तयारी करून आताच बोलते करावे. या कामाला पुढच्या पिढीची वाट पाहता येणार नाही.